दीड वीत वर

शिवणबाईंच्या घरात पाऊल टाकणारा प्रत्येक नवखा माणूस आधी कपाळ चोळत असे. दाराच्या आत दोन पावलांवर छत्र्या आणि पिशव्या ठेवायची फळी होती, ती बाईंच्या डोक्यापासून बरोबर चार बोटं वर. बाई तिच्याखालून ताठ मानेने जात. बाकीच्यांचं कपाळ तिच्यावर आपटे, आणि बाईंची उंची सहावीतल्या मुलीएवढी असल्यामुळे बाकीचे म्हणजे जवळजवळ सगळं जगच झालं.

एका मोठ्या इस्पितळाच्या शिवणखात्यात बाईंनी एकतीस वर्षं नोकरी केली. तिथेच त्यांना हे नाव चिकटलं ते कायमचं. खाटेवरचा रोगी बदलला की चादर बदलते, पण फाटलेली चादर कुठे जाते याचा विचार कुणी करत नाही. ती बाईंकडे यायची. चादर नेहमी मधोमध विरते आणि कडा धडधाकट राहतात. बाई ती उभी मधून फाडायच्या, कडेच्या दोन्ही बाजू मध्ये आणून जोडायच्या आणि विरलेला भाग कडेला टाकून दुमडायच्या. चादर आणखी पाच वर्षं निघायची. पुढे पुढे बाईंना कुठलीही वस्तू दिसली की तिची विरलेली बाजू कुठली आणि धड बाजू कुठली एवढंच दिसायला लागलं. त्यामुळे त्यांच्या घरात विकत आणलेली वस्तू शोधावी लागते.

इस्पितळाने मोडीत काढलेल्या चार दारांतून त्यांनी स्वयंपाकघरातला ओटा उभा केला. त्यावरची दगडी लादी एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेच्या टेबलावरची होती. एका कोपऱ्यात कसल्याशा औषधाचा निळा डाग आहे, तो कशानेही निघत नाही. कपाट खोक्यांच्या फळ्यांचं, पडदे जुन्या चादरींचे. बिजागऱ्या, खिळे, कड्या, मळसूत्र गेलेले नळ, सगळं डब्यांत वेगवेगळं ठेवलेलं. करवत, रंधा, पकड, स्क्रूड्रायव्हर अशी हत्यारं मात्र त्यांनी चांगली, नवी घेतली होती. तिथे काटकसर करणाऱ्याला त्या कंजूष म्हणत, आणि कंजूष आणि काटकसरी यांच्यात गल्लत केलेली त्यांना मुळीच खपत नसे.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी घेतली नाही. ती म्हणजे मापाची टेप. इस्पितळात गळ्यात सदा टेप असायची, पण घरी निघाल्या की ती तिथल्याच खुंटीला. घरातलं माप त्या आपल्या अंगाने घ्यायच्या. ओटा कोपरापासून वीतभर खाली, म्हणजे जमिनीपासून चार विती. स्वयंपाकघरातली फळी हात वर केल्यावर मनगटाला लागेल तिथे. आरसा डोळ्यांसमोर. “टेप सांगते वस्तू केवढी,” त्या म्हणायच्या. “वस्तू कुणासाठी आहे ते टेपला कुठे माहीत असतं?”

पण या घरात दुसराही एक माणूस राहत होता, आणि तो सहा फूट उंच होता.

बाईंचे यजमान सार्वजनिक वाचनालयात कामाला होते. सगळ्यात वरच्या फळीवरचं पुस्तक ते शिडी न घेता काढत, म्हणून वाचकांत त्यांचं नाव शिडीकाका पडलं होतं. दिवसभर वाचनालयात त्यांच्या उंचीचं कौतुक व्हायचं आणि संध्याकाळी ती उंची घेऊन ते या घरात यायचे. आरशात त्यांना स्वतःची हनुवटी आणि शर्टाचं पहिलं बटण दिसे. दाढी ते गुडघे वाकवून करत आणि भांग अंदाजाने पाडत. तो भांग रोज नव्या दिशेला जाई, त्यामुळे वाचनालयातल्या दोनतीन मुली ते कविता करतात असं बरीच वर्षं समजून होत्या. पलंग बाईंनी स्वतःच्या मापाने ठोकलेला. काकांचे पाय बाहेर यायला लागल्यावर त्यांनी त्या पायांसाठी एक वेगळं स्टूल केलं आणि पांघरुणाला खालून हातभर कापड जोडलं. प्रश्न सुटला असं त्यांना मनापासून वाटलं.

प्रत्येक नवी वस्तू झाली की बाई विचारायच्या, “जमतंय ना?” आणि शिडीकाका म्हणायचे, “अगदी.” चौतीस वर्षांत त्यांनी दुसरं उत्तर दिलं नाही.

लग्न झाल्यापासून रात्रीची भांडी घासायचं काम काकांकडे होतं. ते घासत, बाई पुसून ठेवत. दिवसभराच्या सगळ्या गप्पा तेव्हा व्हायच्या. वाचनालयात कुणी पुस्तकाची पानं दुमडली, इस्पितळात कुणाच्या चादरीत चष्मा सापडला, लेकीच्या शाळेतून काय निरोप आला. बाईंना दिवसातली ती अर्धी घटका सगळ्यात आवडायची. काका बेसिनवर असे वाकून उभे राहायचे की त्यांचं डोकं बाईंच्या डोक्याच्या पातळीवर यायचं, आणि बाईंना वाटायचं, बोलताना आपल्याकडे वाकून बघायची यांची ही सवयच आहे. किती छान सवय.

लेक उंचीने बापावर गेली. चौदाव्या वर्षापासून तिचं कपाळ आणि घरातल्या फळ्या यांची रोज गाठ पडायला लागली. लग्न ठरवताना मुलगा बघायच्या आधी त्याच्या घरातला ओटा बघणारी ती एकटीच मुलगी असावी. ओटा उंच होता. मुलगाही बरा निघाला.

काका निवृत्त झाले आणि गोष्ट बिघडली. इतकी वर्षं दिवसाचे आठ तास तरी ते सरळ उभे असत. आता सकाळपासून झोपेपर्यंत ते या घरातच. दोन वर्षांत त्यांची पाठ धरली. एका सकाळी बूट घालायला वाकले ते तसेच राहिले. शेजारच्या ट्रकवाल्याने त्यांना उचलून पलंगावर ठेवलं, तेव्हा ते खुर्चीत बसल्यासारखे घडी घातलेल्या अवस्थेत होते, आणि तशाही अवस्थेत त्यांनी ट्रकवाल्याला “डोकं सांभाळा” असं सांगितलं.

इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना तपासलं. “घरी वाकून करायचं काही काम असतं का?” त्यांनी विचारलं.

“छे,” काका म्हणाले. “तसं काहीच नाही.”

शिवणबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनीही मान हलवली. त्यांनाही तसंच वाटत होतं.

पंधरा दिवस हवापालट करावा म्हणून लेक त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. आठव्या दिवशी तिचा फोन आला. “आई, बाबा एकदम ठणठणीत. पाठीचा पट्टा काढून ठेवलाय. काल माझ्या ओट्यापाशी तासभर उभे होते, सगळी भांडी घासली. मी नको म्हटलं तर म्हणाले, हाताला सवय आहे.”

“तासभर?” बाई म्हणाल्या. “वाकून?”

“वाकून कशाला? माझा ओटा उंच आहे ना. सरळ उभे होते.” मग लेकीने घसा खाकरला, तेव्हाच बाईंच्या लक्षात आलं की फोन खरा कशासाठी आहे. “आई, रागावू नकोस. त्यांची पाठ त्या घरात सुधारणार नाही. तुम्ही दोघं इकडेच या कायमचे. एक खोली रिकामीच आहे. ते घर भाड्याने देऊ. बाबा तुला कधी म्हणणार नाहीत, म्हणून मी म्हणते.”

“बाबा काय म्हणतात?”

“ते म्हणतात, आईला विचार.”

पुढच्या रविवारी आपण बाबांना घेऊन येतो, तेव्हा बसून ठरवू, असं सांगून लेकीने फोन ठेवला. बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. ओटा त्यांना बरोबर कोपराखाली वीतभर लागला, नेहमीसारखा. या घरातली एकेक फळी त्यांनी हाताने बसवली होती. हे सोडून दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या फळ्यांखाली राहायचं, हे त्यांच्याने होणार नव्हतं. आणि नाही म्हणावं, तर काकांनी पुन्हा येऊन इथे वाकायचं. नवरा आणि घर यांतलं एक निवडायची वेळ आपल्यावर यावी याचा त्यांना इतका राग आला की त्यांनी हातातलं फडकं बेसिनमध्ये फेकलं. फेकल्यावर उचललं, पिळलं आणि वाळत घातलं.

राग ओसरल्यावर त्यांनी कंबर कसली. रविवारला सात दिवस होते. घर काकांच्या मापाचं करायचं ठरलं.

पण माप घ्यायचं कशाचं? माणूस लेकीकडे. लेकीला विचारावं तर ती आकडे सांगणार, आणि शिवाय काकांना कळणार. आजवर घरातलं प्रत्येक माप बाईंनी आपल्या अंगाने घेतलं होतं. काकांच्या पायांचं स्टूल सोडलं तर दुसऱ्या अंगासाठी त्यांनी एक खुंटीसुद्धा ठोकली नव्हती, हे त्यांच्या तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं. त्या थोड्या वरमल्या. मग त्यांना कपड्यांची आठवण झाली. काकांचा प्रत्येक शर्ट त्यांनीच शिवला होता. धड कपडे काकांच्या बॅगेतून गेले होते, पण जुने शर्ट बाई कधी टाकत नसत. कॉलर उलटून झाली, कफ उलटून झाले, की ते चिंध्यांच्या गाठोड्यात जायचे. लग्नातला शर्ट आणि पँट तेवढी ट्रंकेत जपून ठेवलेली होती.

त्यांनी सगळे शर्ट जमिनीवर ओळीने पसरले. जुना डावीकडे, नवा उजवीकडे. कोपर कुठे झिजलंय ते बघितलं की कोपराची जागा मिळेल, एवढाच हिशेब. त्या गुडघ्यांवर बसून एकेक शर्ट हाताने सारखा करत गेल्या आणि चौथ्या शर्टापाशी थांबल्या. शर्टाची पाठ पुढच्या भागापेक्षा लांब होती. त्याच्या पुढच्या शर्टाची आणखी बोटभर लांब. शेवटच्या शर्टाची तर चांगली चार बोटं.

ही कापणी त्यांचीच होती. ‘शर्ट मागून वर चढतो’ असं काका एकदा म्हणाले होते, म्हणून पुढच्या वेळी पाठीला बोटभर जास्त कापड सोडलं. पुन्हा वर चढायला लागला, पुन्हा सोडलं. कापड आखूड पडतंय असं त्या समजत होत्या. माणूस वाकत चाललाय हे शर्टांनी त्यांना वर्षानुवर्षं सांगितलं होतं, आणि त्यांनी ते ऐकून, मापात बसवून, शिवूनही टाकलं होतं. एकतीस वर्षं फाटलेल्या कापडात विरलेली जागा शोधणाऱ्या बाईला आपल्या माणसाची पाठ दिसली नाही. बाई त्या शर्टांच्या मध्येच बसून रडल्या. बराच वेळ रडल्या, आणि मग त्यातल्याच एका शर्टाला नाक पुसून उठल्या.

वाकलेल्या पाठींचे शर्ट त्यांनी पुन्हा गाठोड्यात कोंबले. ट्रंकेतून लग्नातला शर्ट काढला. त्याची पाठ आणि पोट अगदी सारखं होतं. “मला हा माणूस हवाय,” त्या मोठ्याने म्हणाल्या. शर्ट आणि पँट एकाला एक टाचून त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्यांना अडकवली, पँटची खालची शिवण जमिनीपासून टाचेएवढी वर ठेवून. मग विती टाकल्या. कोपर साडेसहा विती. त्याच्याखाली वीतभर, म्हणजे साडेपाच. ओटा दीड वीत वर न्यायचा.

ट्रकवाला जॅक देऊन जायला आला तेव्हा त्याने भिंतीवर लटकलेला बिनडोक्याचा नवरदेव पाहिला आणि दारातच थबकला. “काकू, काका बरे आहेत ना?”

“बरे आहेत. माप देतायत,” बाई म्हणाल्या. “जॅक इथे ठेव, आणि फळीखालून वाकून जा.”

दगडी लादीसकट ओटा उचलणं म्हणजे खेळ नव्हता. एका कोपऱ्याखाली जॅक लावायचा, दोन बोटं वर उचलायचं, पायाखाली लाकडी ठोकळा सारायचा, मग पुढचा कोपरा. चारही कोपरे झाले की पुन्हा पहिला. एकदम एकीकडून उचललं तर लादी घसरणार. बाई दर वेळी लादीवर पाण्याने भरलेला पेला ठेवत आणि पाणी कुठल्या बाजूला कलतंय ते बघत. दोन दिवस त्या चारही कोपऱ्यांभोवती रांगत होत्या. ठोकळे एकावर एक स्क्रूने आवळले, बाहेरून फळ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ओटा साडेपाच वितींवर स्थिर उभा राहिला आणि बेसिनखालच्या पाइपाने अंग काढून घेतलं. सगळं पाणी स्वयंपाकघरभर झालं.

पाइप वाढवता आला. खरी पंचाईत नळाची होती. नळ भिंतीतून येत होता आणि बेसिन आता त्याच्या नाकाला भिडलं होतं. खाली वाटीसुद्धा जाईना. असलं काही होईल हे बाईंच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी डोक्याला हात लावला, मग तोच हात डब्यांत घातला. एका डब्यात कोपऱ्याचे दोन जोड मिळाले, दुसऱ्यात हातभर पाइप. पाणी बंद करून, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून त्यांनी नळ भिंतीवरूनच वर चढवला. पहिल्यांदा गळला. दुसऱ्यांदाही गळला. तिसऱ्यांदा त्यांनी जोडाला असा सज्जड दम देऊन पकड फिरवली की तो मुकाट्याने कोरडा राहिला.

दारातली फळी काढून त्यांनी छताजवळ लावली. आरसा वर गेला. पलंगाला पायाकडून वीतभर फळी जोडून पायांचं स्टूल रिकामं केलं. सहाव्या दिवशी घर काकांचं झालं आणि बाईंचा हात कुठेच पोचेना. ओटा त्यांच्या छातीशी आला होता. चहा करायचा तर त्यांना पातेल्यात डोकावून बघता येईना. हे अर्थात त्यांना आधीच ठाऊक होतं. शेवटचा दिवस त्यांनी त्यासाठीच राखला होता. काढून टाकलेल्या फळ्यांची त्यांनी ओट्याच्या डाव्या अर्ध्या भागापुढे एक लांब, बसकी पायरी केली, दीड वीत उंच. त्यावर चढल्या की ओटा पुन्हा त्यांचा. उजवीकडे, बेसिनपाशी, जमीन मोकळी. तिथे काका.

रविवारी लेक आली ती रिकामी मोठी बॅग घेऊनच. काका तिच्या मागे. दारातून आत आले आणि फळी होती त्या जागी सवयीने वाकले. काहीच आपटलं नाही. ते तसेच दोन पावलं वाकून चालले, मग हळूच वर बघितलं.

लेकीने स्वयंपाकघर पाहिलं आणि तोंडात बोट घातलं. “आई, हे तू एकटीने?”

“ट्रकवाल्याचा जॅक होता,” बाई म्हणाल्या. त्यांचं सगळं लक्ष काकांकडे होतं.

काका आरशापाशी गेले. त्यांनी आरशात बघितलं. चौतीस वर्षांनी घरच्या आरशात त्यांना स्वतःचा भांग दिसला, आणि तो बघून त्यांना जरा धक्काच बसला असावा. चहा झाला. कप गोळा करून ते बेसिनपाशी गेले. बाई फडकं घेऊन पायरीवर चढल्या. काकांनी नळ सोडला आणि पहिला कप घासायला घेतला. लेक दारात हाताची घडी घालून उभी होती. तिची बॅग खुर्चीपाशी होती. बाईंना कधी नव्हे ती विचारायची भीती वाटली.

“जमतंय ना?” त्यांनी विचारलं.

“अगदी,” काका म्हणाले.

बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. “हे बघा, मी तुमचे सगळे शर्ट पाहिले. आता मला अगदीबिगदी काही सांगू नका. खरं काय ते सांगा.”

नळ वाहत होता. काकांनी तो बंद केला. कप उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला. “दोन बोटं उंच झालाय,” ते म्हणाले. “खांदे वर ओढून धरावे लागतात.”

“बाबा,” लेक म्हणाली, “सात दिवस ती एकटी राबलीय. निदान आज तरी—”

“थांब गं तू,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. चौतीस वर्षांत या माणसाने पहिल्यांदा त्यांच्या कामात खोट काढली होती, आणि त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी काकांचा दंड धरला. “उंच कसा झाला? मी तुमच्या लग्नातल्या कपड्यांवरून माप घेतलं. बरोबर साडेपाच विती.”

काका हसायला लागले. “अगं, लग्नातला मी आता कुठे राहिलोय? ती दोन बोटं कधीच गेली.”

बाईंना हे सुचलंच नव्हतं. सात दिवस त्या एका पंचवीस वर्षांच्या तरुणासाठी ओटा उचलत होत्या. “मग इतकी वर्षं का नाही बोललात?” त्यांनी विचारलं. “एकदा म्हणाला असतात तर मी लगेच तोडला असता.”

“म्हणूनच नाही बोललो. तोडला असतास.” काकांनी हात पुसले. “हा ओटा झाला त्या दिवशी तू इथे भाजी चिरायला उभी राहिलीस आणि गाणं म्हणायला लागलीस. लग्नाला वर्ष झालं होतं, मी तुला तोवर कधी गाताना ऐकलं नव्हतं. मला वाटलं, वाकू आपण थोडंसं. आणि तेव्हा दुखत नव्हतं गं. नंतर दुखायला लागलं, तोवर सांगायला उशीर झाला होता.”

आपण ओट्यापाशी गातो हे बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने मान हलवली. “रोज,” ती म्हणाली. “बेसूर.”

मग काका लेकीला म्हणाले, “तुझी बॅग रिकामीच घेऊन जा. चार दिवस राहायला येत जाऊ आम्ही. पण माझी भांडी इथे आहेत.” लेकीने काही म्हणायला तोंड उघडलं, मग बापाच्या सरळ पाठीकडे बघितलं आणि मिटलं. बॅगेची चेन लावून ती तिने दाराशी नेऊन ठेवली.

बाई पायरीवरून उतरल्या. भिंतीवरचे लग्नाचे कपडे त्यांनी खिळ्यांवरून काढले, घडी केली आणि बाजूला ठेवले. “इकडे या,” त्या काकांना म्हणाल्या. “भिंतीला टाचा लावा. मान वर. हात कोपरात दुमडा. आता हलायचं नाही.” काका उभे राहिले. बाई जमिनीवर बसल्या आणि त्यांनी टाचेपासून विती टाकायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. गुडघ्यापाशी काकांना गुदगुल्या झाल्या आणि ते हलले. बाईंनी दटावलं. चार, पाच. बाई उभ्या राहिल्या. सहा वितींना त्यांचा हात काकांच्या बरगडीशी आला. तो थोडा वेळ तिथेच राहिला. कोपर तिथून चारच बोटं वर होतं, तेवढं त्यांना नजरेनेच दिसत होतं.

“झालं का?” काकांनी विचारलं. “किती?”

“चुकलं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही हललात.” त्या पुन्हा खाली बसल्या आणि टाचेपासून परत मोजायला लागल्या.